टक्केटोणपे

सिव्हिलला बुधवारी टक्के देतात.
आईनं आदल्या रात्री बजावलं होतं,
तिथं जास्त शहाणपणा करू नकोस.
किती म्हणजे जास्त, ते नाही सांगितलं.

शर्टाची बटणं लावता येतात?
येतात. सात.
घणसोलीहून ठाण्याला एकटा येशील?
येईन, ऐरोलीला बस बदलून.
पैशांचा हिशेब?
मी त्यांच्या पावतीबुकातली बेरजेची चूक दाखवली.
आईनं टेबलाखालून चिमटा काढला.
एक चिमटा मला चार दिवस पुरतो.

छत्तीस. पांढरं कार्ड.
चाळीसच्या आत पेन्शन नाही, काही नाही.
जिन्यात आई म्हणाली,
बोर्डात पस्तीसला पास करतात रे,
आणि हसली. मग बराच वेळ
चपलेचा पट्टा लावत बसली.

महाप्याच्या कंपनीत मात्र
मी पहिल्या मिनिटाला शंभर टक्के होतो.
साहेब म्हणाले, डोळ्यांत बघून बोल.
बघितलं. बोलणं राहिलं.
दोन्ही एकदम येत नाही,
हे कुठल्या रकान्यात धरतात?

शेजारचे तांडेल नाना म्हणतात,
टक्केटोणपे खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही.
टक्के झाले.
टोणप्यांची खिडकी कुठली, विचारायला हवं.

आता रबाळ्याला, नट-बोल्टच्या गोदामात आहे.
आठ हजार, सात तारखेला, बहुतेक.
स्टोअरकीपर गजबे. त्यांचे कान प्रेसमशीननं नेले.
बेचाळीस, पिवळं कार्ड.
दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर चढले
आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब काढून ठेवली.
तिची घूं घूं त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं.
माझे खांदे पाहिले असतील.

परवा काटा म्हणाला, चारशे नव्याण्णव.
मी म्हणालो, पाचशे.
सुपरवायझर म्हणाला, मशीन चुकतं का रे?
मशीन चुकलं नव्हतं.
एक नट पोत्याच्या शिवणीत अडकला होता,
काट्यावर चढलाच नव्हता.
गजबेंनी तो नखानं काढला, पुसला,
आणि ताटात ठेवला. अगदी हळू.

येत्या बुधवारी फेरतपासणी.
आई म्हणते, नोकरीचं आपण होऊन बोलू नकोस.
विचारलं तर?
ती काही म्हणाली नाही.
ती दिव्याखाली बसून माझ्या शर्टाचं
खालून दुसरं बटण उसवत होती.

विचारलं तर सांगेन,
सहा.