शुक्रवार

कुटबणच्या बर्फ कारखान्यात
शनिवारी सकाळी माझ्याच बोटाने
सगळी खाती पुसली गेली.
‘नक्की काढून टाकायचं?’ पडद्याने विचारलं होतं.
हातात चहा होता. मी हो म्हटलं.

पर्वरीहून फोनवर तेजल म्हणाली, घाबरू नका,
गुरुवारी रात्रीची प्रत वर आहे, ती उतरवते.

निळी पट्टी सरकत राहिली.
बाहेर लाद्या फुटत होत्या,
चुरा ट्रॉलरच्या पोटात जात होता.

आली नावं. इनासियो, रुझार, बेतूलची ती भांडकुदळ भागीदारी,
माझ्या स्पेलिंगच्या चुकांसकट.
शुक्रवार तेवढा आला नाही.

शुक्रवारी बेचाळीस लाद्या गेल्या.
त्यांच्यावरचं इसवण मडगावात खाऊनही झालं,
आणि हिशेबात त्या अजून
आमच्याच गोदामात उभ्या, कोरड्या.

दुपारी पिएदाद आली.
काल जुनी बाकी फेडून गेलेली,
आज पुन्हा देणेकरी: सहा हजार चारशे.
मी वाचून दाखवलं.
तिने कमरेच्या पिशवीतून ओली पावती काढली.
माझीच सही, शाई फुटलेली,
वर एक खवला चिकटलेला.

मी शुक्रवार हाताने लिहायला घेतला.
‘बरय, पुता,’ ती म्हणाली,
‘आनी बर्फ दी.’