आगाऊ

उयुनीच्या बाहेर, जुन्या रेल्वे-भंगाराला पाठ टेकून
माझं पत्र्याचं गॅरेज. ऑगस्ट. सकाळचे सहा.
पान्याला उघडा हात लावला तर कातडी त्यालाच चिकटून राहते.
जीप एकोणऐंशी सालची, सहा सिलिंडर, पेट्रोलवाली.
दहाला तिला मिठावरून चार पाहुणे न्यायचेत
आणि ती चढाला खोकते.

"खूण कुठाय?" फ्रोइलान विचारतो. बहिणीचा मुलगा, पंधराचा.
पुढच्या पुलीवर शोधतोय. सगळे आधी तिथेच शोधतात.
पुढे नाही रे, मागे.
इंजिन गिअरबॉक्सला भेटतं तिथल्या बिडाच्या घंटेत
आगपेटीहून लहान खिडकी आहे एक.

खिडकीचं रबर कधीच गेलेलं.
आत मीठ, ग्रीस, कुठल्याशा उंदराने साठवलेली लामाची लोकर.
डिझेल घेतलं, दातांचा ब्रश घेतला. टॉर्च दातांत,
गालात कोकाची पानं, त्यामुळे शिव्याही नीट बाहेर पडेनात.
डोळ्यात तेल घालून बघावं म्हणतात.
आडवी झाले, तर ते आपसूकच पडलं.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून फ्रोइलानला सांगितलं,
भोकावर अंगठा धर. वारा अंगठा ढकलेल तेव्हा ओरड.
"मावशी!"
मग पाना त्याच्या हाती, डोळा माझा.
हळू. अजून हळू.
चाकाची काळी कड सरकतेय, नुसती कड, कड, कड
आणि ती:
मसुरीएवढी पोलादी गोळी, कडेत ठोकून बसवलेली.
जपानात कुणीतरी बसवली,
माथ्याच्या सात अंश आधी.

"आधी का?"
आग पसरायला वेळ लागतो, बाबा.
पिस्टन माथ्यावर पोचल्यावर ठिणगी टाकलीस
तर वरात निघून गेल्यावर बँड वाजवलास.

येसेनियाच्या नेलपॉलिशचा जांभळा थेंब गोळीवर.
प्लग लावला, इंजिन लावलं, स्ट्रोब रोखला.
मिनिटाला साडेसहाशे फेरे,
आणि त्या लखलखाटात ठिपका जागच्या जागी.
फ्रोइलानने बोट पुढे केलं. मी हातावर फटका मारला.
थांबलेलं नाहीये ते. बोट जाईल.

डिस्ट्रिब्यूटर पिळून ठिपका काट्यासमोर आणला,
पुस्तकात लिहिलंय तसा, तंतोतंत.
चढावर नेली.
खोकली.

पुन्हा खिडकी. पुन्हा ब्रश, पुन्हा गार जमीन.
या वेळी गोळी यायच्या बोटभर आधी
छिन्नीचा एक घाव दिसला. तिरका. डावखुऱ्या हाताचा.

वेन्सेस्लाओ.
सात वर्षं होता माझ्याकडे. माणूस आगाऊ, पगारही आगाऊ मागायचा,
आणि एका पहाटे पगार घेऊन, माझा चांगला टॉर्क-पाना घेऊन
कलामाच्या ट्रकात बसला, सीमेपलीकडे.
त्याच्या सात पिढ्या काढल्यात मी या पत्र्याखाली.

पुस्तक समुद्राच्या काठी लिहिलेलं.
इथे साडेतीन हजार मीटरच्या वर हवा विरळ,
आग आळशी, तिला अजून लवकर उठवावं लागतं.
हे त्याने मला कधी सांगितलं नाही.
किंवा सांगितलं असेल,
मी तेव्हा पगारावरून भांडत असेन.

जांभळी बाटली. दुसरा थेंब.

चढ दुसऱ्या गिअरात गेला, जीप काही बोलली नाही.
फ्रोइलान बोलला: "दोन खुणा. खरी कुठली?"
मी हात पुसत होते. ग्रीस निघालं, जांभळं निघेना.

"छिन्नीची," मी म्हटलं.
"आणि त्याच्याकडून आठशे बोलिव्हियानो येणं आहे,
तेही लक्षात ठेव."