हिंगाची डबी

नवा फिल्टर लाल होता, शंकूसारखा,
वर जाळी, खाली चकचकीत क्लॅम्प.
जुना काळा एअरबॉक्स मी स्वतःच काढला,
चार बोल्ट, एक शिवी,
आणि सातपूरच्या भंगारात वीस रुपयांना दिला.
गाडी आता खोकत नाही, गुरगुरते,
असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी उजव्या पोटरीवर तेलाचे ठिपके.
पँट लाँड्रीवाल्याने न धुताच परत केली.

पाथर्डी फाट्यावर पारूताई गांगुर्डेंचं गॅरेज.
त्यांनी गाडी पाहिली नाही, आधी वास घेतला.
मग वाकून एक नळी दोन बोटांत धरली,
लोंबकळणारी, कुणाचीच नसलेली.
"ही कुठे जात होती?"
"त्या डब्यात."
"आणि डबा?"
मी सातपूरच्या दिशेने हात केला.

"पिस्टन खाली येतो," त्या म्हणाल्या,
"तेव्हा खालच्या हवेनं जायचं कुठं?
वरून रिंगांच्या फटीतून जळका धूरही उतरतो,
कितीही घट्ट बसव, थोडा उतरतोच.
पोटात गुबारा धरला की माणूस काय करतो?
करतो ना? मग इंजिनाला कसली लाज?"

मी म्हटलं, नळीला बूच मारू.
त्यांनी असं पाहिलं, जसं मी
गंगापूर धरणाचे दरवाजे ऑगस्टमध्ये
वेल्डिंग करून बंद करायला सांगितले.
"मार. मग सील जाईल, गॅस्केट जाईल,
तेल बाहेर येईल त्याला वाटेल तिथून."

"मग राहू दे उघडी?"
"मागच्या टायरवर तेल. पहिल्या वळणावर तू आडवा.
आणि उसासा संपला की तीच नळी
रस्त्याची धूळ आत ओढणार."

माझ्याकडे ठिबकची नळी होती,
मामाच्या द्राक्षबागेतली, उरलेली.
त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली.
"गरम तेलात हिच्या शेवया होतात."
पेट्रोलची जाड नळी कापली, वीतभर जास्तच,
चढती ठेवली,
म्हणजे थेंब मागे फिरून घरी उतरतील.

मग आतून आणली पत्र्याची हिंगाची डबी.
झाकणाला दोन भोकं.
एकात नळी, दुसऱ्यावर बोटाएवढा जाळीचा टोप.
पोटात भांडी घासायची तारेची घासणी, कोरी.
"हिच्यात तेल अडकतं, खाली बसतं.
नुसता श्वास तेवढा वर जातो."
सीटखाली, बॅटरीशेजारी, रबरी पट्ट्याने बांधली.

पहिले आठ दिवस
मी सिग्नलला थांबलो की
सगळ्या द्वारका चौकात फोडणी.

डबी महिन्याने उघडायची, असं बजावलं होतं.
डिसेंबर आला. गॅरेजात शेकोटी, पारूताईंच्या डोक्याला मफलर.
त्यांनी झाकण फिरवलं.
आत तेल नव्हतंच. पिवळट, घट्ट,
बिघडलेल्या खरवसासारखं काहीतरी.

"रोज किती चालते?"
"भरपूर."
"किती?"
"इंदिरानगर ते अंबड. शिफ्टला."
"तीन किलोमीटर."
"साडेतीन."

त्यांनी तो लगदा बोटावर घेतला, उजेडात धरला,
वैद्य जीभ बघतो तसा.
"हे पाणी आहे. इंजिन तापायच्या आत तू पोचतोस.
वाफ उडत नाही, आतच गारठते, तेलात कालवली जाते.
फिल्टर कशाला घेतलायस म्हणालास?"
"लडाखसाठी."
"कधी?"

मागे कुणाच्या तरी हातून पाना पडला.
बराच वेळ वाजत राहिला.

डबी पेट्रोलने विसळून दिली. पैसे घेतले नाहीत,
त्याचंच जास्त लागलं.

एका पहाटे पाचला निघालो, कसाऱ्यापर्यंत जायचं म्हणून.
विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे. बोटं आपली नव्हती.
घोटीला चहा घेतला, इंजिनावर हात शेकायला गेलो
तर पंजा टेकवेना.
पहिल्यांदाच.
दुपारची शिफ्ट होती. तिथूनच वळलो.

रात्री डबी उघडली.
तळाशी पिवळी रेघ होतीच अजून,
पण तिच्या कडेने एक थेंब, काळा, पातळ,
निव्वळ तेलाचा.
बोट पुसलं.
हिंगाचा वास काही जात नाही.