बटण

कुवेतचा जून.
फहाहीलच्या बागेतली घसरगुंडी
हात ठेवला तर पोळते.
म्हणून खेळ घरातच, सातव्या मजल्यावर:
परातीत दोन किलो राजमा,
त्यात हरवलेली एक किल्ली
आणि मनगटापर्यंत बुडालेला कैवल्य.

आधी तो कणकेला शिवायचा नाही.
जरा चिकट लागलं की बोटं फाकवून
हात अंगापासून लांब धरायचा,
जणू दुसऱ्याच कुणाचे.
मी कोरडं पीठ दिलं. बोलले काही नाही.
आठवड्याने त्यात चमचाभर पाणी.
मग दोरीवरच्या मोज्यांचे चिमटे:
लाव, काढ. लाव, काढ.
शेजारच्या उम्म हाझेमने खजूर दिले बिया काढायला;
बिया माझ्या ओट्यावर, खजूर त्याच्या पोटात.

आज नवरा रिफायनरीतून आला
तो दारातच अडला.
कैवल्यने त्याच्या डगल्याचं बटण धरलंय.
जीभ बाहेर, श्वास रोखलेला.
काज अरुंद, बटण हट्टी.
दार सताड उघडं,
एसीचा गारवा पॅसेजमध्ये सांडतोय,
हातात डबा तसाच,
आणि दिवसभर धावपळ करणारा हा माणूस
जागचा हलत नाहीये.

निघालं एक.
मी म्हटलं, आता बाबाला आत येऊ दे.
"थांब," कैवल्य म्हणाला,
"अजून चार आहेत."