उणे बावीस

तीन दिवसांला पाव लिटर. इतकंच.
माझी ऑडी एकोणनव्वद सालची, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
आठवड्यातून तीनदा डोलोनचा घाट ओलांडते,
नारिनची चार माणसं बिश्केकला सोडते,
काटा मधोमध, तसूभर हलत नाही.
आणि तरी टाकीतली हिरवी रेघ
रोज जरा खाली.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

शार्शेनच्या गॅरेजात कोळशाची शेगडी,
भिंतीवर पाच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
त्यावरचा घोडा त्याला आवडतो म्हणून.
त्याने रेडिएटरला हातपंप लावला, दाब चढवला,
आम्ही तीन तीन प्याले चहा प्यालो.
दाब जिथल्या तिथे.
"गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला, "तूच पीत असशील."

मग मी पुठ्ठा अंथरला बोनेटखाली. सकाळी कोरडा.
पाण्यात रंग घातला, निळ्या दिव्याने नळीन् नळी पाहिली.
पायाखालचा गालिचा हुंगला.
तेलाच्या पट्टीवर साय धरली का, तेही.
नवं झाकण आणलं, ते घालूनही तीन दिवसांला पाव लिटर.
दाढ दुखावी आणि
दवाखान्याच्या पायरीवर थांबावी, तसं.
चौथ्या खेपेला शार्शेन हसला नाही.

आई म्हणाली,
पहाटे गाईला चारा टाकायला जाते ना मी,
तुझ्या गाडीपाशी गोडसर वास येतो,
साखर करपल्यासारखा.
ऊन वर आलं की नाही येत.
हे तिने दोन महिन्यांपूर्वीही सांगितलं होतं.
मी तेव्हा फोनवर होतो.

शार्शेनला सांगितलं. तो शेगडीकडे बघत बसला बराच वेळ.
"वीस वर्षं झाली," म्हणाला,
"गाडी आली की आधी आत घेतो. उबेत."

त्या रात्री गाडी अंगणातच.
उणे बावीस.
तो आला दोन कोट घालून, एक टॉर्च, एक थर्मास.
खालचा लोखंडी पत्रा आम्ही संध्याकाळीच काढला होता,
त्याच्या खोबणीत हिरवं तळं सापडलं, तळहाताएवढं.
पुठ्ठा कोरडा का, ते तिथेच कळलं.
पण कुठून, ते नाही.

वाट पाहताना तो मुलाबद्दल बोलला.
नोवोसिबिर्स्कला आहे, इमारतींवर काम करतो.
रविवारी दुपारी व्हिडिओवर येतो,
मागे पडदा, अंगात स्वच्छ शर्ट,
सगळं ठीक, म्हणतो.
"मीही विचारतो आणि चहा पितो," शार्शेन म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
कुत्रा एकदा उठला, फिरून तिथेच निजला.

पावणेपाचला त्याने माझी बाही ओढली.
खालच्या नळीच्या तोंडाशी, क्लॅम्पच्या मागच्या बाजूला,
जिथे हात जात नाही आणि नजर तर नाहीच,
रबर थंडीने आक्रसलं होतं, केसभर.
त्या केसभरातून
एक थेंब.
हिरवा, गोल, पडायचा विचार करत असलेला.
आम्ही दोघांनी श्वास धरला,
पाखरू उडेल म्हणून धरावा तसा.
मग तो पडला.
दुसरा यायला सात मिनिटं लागली.

मला ओरडावंसं वाटत होतं.
शार्शेनने टॉर्च माझ्या हातात दिला,
पाना दिला,
कोटात हात घालून फोन काढला.
तिकडे सहा वाजत आले असतील, म्हणाला,
कामावर निघायच्या आधी असेल तो. एकटा.

रिंग जात राहिली.
मग मला नुसता त्याचा इकडचा आवाज,
हो. नाही, काही झालं नाही. नाही, सहजच.
मग काहीच नाही, नुसतं ऐकणं.

अडीच फेरे पुरले क्लॅम्पला.
तरी मी गाडीखाली पडून
पाना फिरवल्यासारखं करत राहिलो,
पाठीखाली बर्फ,
जवळच कुठेतरी तो गोड वास.