नावडतीचं मीठ

पहिल्यांदा आलो तेव्हा मीही उतरलो ओहेअरलाच,
शिकागोच्या आवडत्या राणीच्या काचमहालात.
शहराला दुसरंही एक विमानतळ आहे, हे नंतर कळलं.
आणि ते दुसरंच मुळात पहिलं, हे कळायला
ओना झेमाइटिसचं स्वयंपाकघर लागलं.

मिडवे. मला वाटायचं, अर्ध्या वाटेवरचं म्हणून मिडवे.
नाव निघालं एका लढाईचं, कुठल्याशा दूरच्या बेटाचं.

माझं काम आवाज मोजायचं.
विमानतळाभोवतीच्या विटांच्या बैठ्या घरांत जायचं,
तिपाईवर यंत्र लावायचं, विमानाची वाट बघायची,
आकडा टिपायचा. आकडा पुरेसा वाईट आला
की खिडक्या फुकट: दुहेरी काच, रबराची कड,
आत अख्खी शांतता बसवून देतं शहर.

ओनाबाईंनी आधी बसवलं. राईचा काळा पाव,
बशीत मिठाची चिमूट. त्यांच्या लिथुआनियात
पाहुण्याला म्हणे हेच देतात.
मग बोलायला लागल्या, आणि छपरावर
पोट घासत गेल्यासारखं एक विमान आलं.
बाई शब्दाच्या मध्यात थांबल्या.
कपाटातल्या ताटल्या थरथरायच्या राहिल्या,
तशा उरलेल्या अर्ध्या शब्दापासून पुढे.
थांबल्याचं त्यांना कळलंही नाही.

हे शाळेच्या मालकीचं रान होतं, त्या सांगत होत्या. एक चौरस मैल.
मधोमध आगगाडीचा रूळ.
सासरे म्हणायचे, मालगाडी आली की आकाश खोळंबतं.
पुढे रूळ हलवले, आणि जगात कुठे उतरत नसतील
इतकी विमानं इथे उतरू लागली.
काझ, त्यांचा नवरा, पंख्यांच्या इंजिनांचा मिस्त्री,
नखांतलं तेल तसंच घेऊन रविवारी चर्चमध्ये.

मग जेट आली. लांब पायांची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्यांना कोण सांगणार?
अंथरूण वाढवावं, तर चारी बाजूंना घरं,
दोरीवरचे लेंगे, शाळा सुटलेली पोरं.
बासष्टच्या उन्हाळ्यात कंपन्या उठल्या
आणि आवडतीच्या महाली गेल्या.
“घड्याळ टिकटिक करतं,” बाई म्हणाल्या,
“हे मला बासष्ट साली कळलं.”

काझ बिस्किटांच्या कारखान्यात लागला.
रात्री उठून पायरीवर जाऊन बसायचा.
धावपट्टीच्या भेगांत गुडघ्याएवढं गवत.
शेजारीण म्हणाली, आता झोप कशी छान लागते!
तिच्याशी तेव्हापासून बोलणं बंद.

सतरा वर्षांनी स्वस्त तिकिटांची विमानं आली.
पहिलं डोक्यावरून गेलं तेव्हा काझ दाढी करत होता.
साबण तसाच गालावर, डोळे मिटून
त्यानं इंजिनाचं नाव सांगितलं.
चुकलं.
“पण सांगितलं,” बाई म्हणाल्या, आणि पाव पुढे सरकवला.

खिडक्या बसल्या. मी पुन्हा मोजलं. आकडा सुरेख.
बाईंनी सही केली, आभार मानले,
दारापर्यंत सोडायला मात्र आल्या नाहीत.

फेब्रुवारीत त्या गल्लीतून जाताना बघतो तर
स्वयंपाकघराची नवी खिडकी वीतभर उघडी,
पडद्याचं टोक बाहेर, बर्फानं ताठ.
फॉर्मवर यासाठी रकाना नाही.
मी गाडीतच बसलो. तीन विमानं गेली.
मग निघालो.

नावडतीचं मीठ अळणी, म्हणतात.
बशीतलं ते चांगलंच खारट होतं.

आता राहतो दूरच्या उपनगरात.
डोक्यावरून गेलीच तर रानबदकं जातात.
तरी जेवताना, बोलता बोलता,
मी मध्येच कुठल्यातरी शब्दात थांबतो.
बायको विचारते, हं, पुढे?