रामबाग, रात्री साडेदहा

मागच्या दोन्ही सीटा काढल्या.
खाली निघालं पेन्सिलीचं थोटुक, एक मोजा,
चिंचेची गोळी, कागदासकट.
शाळेची गाडी होती ही, मार्चपर्यंत.

आता तिथं गोणपाट, वर सासूबाईंची सतरंजी.
नऊ कुत्री. पाण्याचे दोन कॅन.
उलटीच्या गोळ्या भुरीला,
आणि मला.

इंदूरहून थेट अल्मोडा?
शरयू म्हणते, वेड लागलंय तुला, मावशी.
लागलंय. टॉर्च नीट धर.

खिडक्यांना जाळी तारेनं आवळली.
पिवळ्या पट्ट्यावरचं ‘स्कूल वाहन’ खरवडलं.
वाहन गेलं.
स्कूल हटेना.

म्हातारा खंडू अजून चढत नाही.
पुढचे दोन पाय आत, मागचे रस्त्यावर,
बघतो माझ्याकडे
दप्तर घरी राहिल्यासारखा.